108 पीसचा बॉक्स घेऊ नका

घरच्या गॅरेजसाठी हत्यारं घ्यायची म्हटलं की बहुतेकजण तीच चूक करतात, मोबाईलवर 108 पीसचा बॉक्स दिसतो, भाव बघून वाटतं फुकटच चाललाय आणि ऑर्डर पडते. मीपण घेतलेला. त्यातल्या 17 मिमीच्या पान्यानं गाडीचा ऑइलचा बोल्ट सोडवायला गेलो तर पान्याचं तोंड फाकलं, बोल्टचे कोपरे गोल, मग सांगलीतून कुपवाडपर्यंत गाडी ढकलत मेस्त्रीकडे. 108 मधले आजवर 14-15 वापरले असतील, बाकीचे बिट अजून चकाकतायत.

तर आधी आपल्या गाडीला काय लागतं ते बघा. मोटारसायकल असेल तर 8, 10, 12, 14, 17 मध्ये बरंचसं काम भागतं. फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्यांचा 8 नगांचा सेट मिळतो, एका पान्याच्या दोन टोकांना दोन मापं, 6 आणि 7 पासून 20 आणि 22 पर्यंत, तो एकदाच चांगला घ्यायचा आणि रिंग पाने (बंद गोल तोंडाचे) लागतील तसे सुटे. घट्ट नट पहिल्यांदा रिंग पान्यानंच हलवायचा, फिक्स पाना दोनच बाजूंनी धरतो म्हणून सटकतो, नट ढिला झाल्यावर खुशाल वापरा. सॉकेट (नटावर टोपीसारखं बसतं ते) घेताना आतून सहा कोनी मागा, बारा कोनी पटकन बसतो खरा पण गंजलेल्या नटाचे कोपरे खातो.

पान्यावर क्रोम व्हॅनेडियम (मजबूत पोलादाचं नाव) लिहिलंय म्हणून भुलू नका, लिहायला काय, कशावरपण लिहितात. टापरिया ही हत्यारांची कंपनी आपल्या नाशिकची, माझी पक्कड आणि पाने त्यांचेच आहेत, कानस जेके कंपनीची. पण ब्रँडपेक्षा दुकानात हातात घेऊन बघणं महत्त्वाचं, म्हणून मी गणपती पेठेत जाताना खिशात एक नवा बोल्ट टाकून जातो, पाना त्यावर बसवायचा आणि हलवून बघायचा, खुळखुळला की परत. पक्कड मिटून उजेडासमोर धरा, कटरच्या धारेतून उजेड दिसला तर ती बारीक वायर तोडणार नाही, नुसती चावणार. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे, पैसे आपले आहेत.

स्क्रू ड्रायव्हरचं एक कुणी सांगत नाही. जपानी घराण्याच्या गाड्यांचे प्लस स्क्रू दिसायला साध्या फिलिप्ससारखे पण खाच थोडी वेगळी, त्यात साधा प्लस नीट तळाला बसत नाही आणि जोर दिला की वर उसळून खाच खराब करतो. डोक्यावर बारीक ठिपका असेल तर तो जपानी समजा. त्याला जेआयएसचा (जपानी मापाचा) ड्रायव्हर मिळाला तर उत्तमच.

पैसे वाचवायचेत तर हातोडी, ब्रश, ट्रे, डबा यात वाचवा. हॅक्सॉची (लोखंड कापायच्या करवतीची) फ्रेम स्वस्त चालेल, पण ब्लेड चांगलं घ्या, पाईपला इंचाला 24 दात्यांचं, दात्यांची टोकं मुठीपासून पुढच्या बाजूला करून लावायचं (मी कितीतरी दिवस उलटंच लावायचो).

आणि आपल्या सांगलीत एक जास्तीचं काम असतंय. 2019 च्या पुरात गल्लीतल्या कितीजणांचे पाने खालच्या कपाटात चिखलात गेले, नंतर घासून घासून हात दुखले. तेव्हापासून माझा डबा खिडकीच्या वरच्या फळीवर, आणि जूनच्या आधी ऑइलची चिंधी फिरवतो सगळ्यांवरून.