इंग्रजी ‘बाय’ (by) वापरताना या चुका टाळा

‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.’ मुंबईच्या ऑफिसांतून रोज निघणाऱ्या मेलमधली ही सगळ्यात चिवट चूक. डोक्यात असतं ‘शुक्रवारपर्यंत पाठवतो’, आणि ‘पर्यंत’ म्हटलं की हात ‘टिल’कडेच जातो. पण आपल्या एका ‘पर्यंत’ची इंग्रजीत दोन घरं आहेत. काम त्या वेळेच्या आत एकदाच उरकायचं असेल तर ‘बाय’. एखादी गोष्ट तोवर चालूच राहणार असेल तर ‘टिल’. वरची ओळ लंडनचा क्लायंट वाचतो तेव्हा तुम्ही शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवतच राहणार, असा तिचा अर्थ होतो. तो समजून घेतो, ही त्याची भलाई.

उलटी चूक जास्त नडते. ‘आय ॲम ऑन लीव्ह बाय फिफ्टीन्थ मे’ असं लिहिलं की सुट्टी पंधराला संपते की तोवर सुरू झालेली असते, पत्ता लागत नाही. इथे ‘टिल’ हवं. तरी पंधराला तुम्ही जागेवर आहात का, हा घोळ उरतोच. म्हणून सरळ ‘बॅक ऑन सिक्स्टीन्थ’ लिहावं. डेडलाइनलाही वेळ आणि ‘आयएसटी’ (भारतीय प्रमाणवेळ) जोडा. मुंबईतले संध्याकाळचे 6 म्हणजे हिवाळ्यात लंडनला दुपारचे 12.30.

नकारात मात्र नियम फिरतो. ‘इट वोन्ट बी रेडी टिल फ्रायडे’ अगदी बरोबर: शुक्रवारआधी तयार होणार नाही.

‘बाय म्हणजे ने’ एवढं घोकून घेणारे झटपट क्लास दुसरा गोंधळ घालतात. आईने सुरीने कांदा कापला, यात ‘ने’ दोनदा आहे. इंग्रजीत कांदा कापला गेला ‘बाय मदर’, पण ‘विथ अ नाइफ’. करणारा वेगळा, हत्यार वेगळं.

भाडेकरारात तर एका शब्दाचे पैसे पडतात. 40,000 भाडं ‘बाय 4,000’ वाढलं तर 44,000. ‘टू 44,000’ म्हटलं तरी तेवढंच. घाईत ‘बाय 44,000’ टाइप झालं की कागदावर 84,000.

‘बाय ट्रेन’ चालतं, पण 8.42 ची लोकल म्हटली की ‘ऑन’. ‘बाय वॉक’ नको, ‘ऑन फूट’. ‘बाय मिस्टेकली’ तर कुठेच नको.

आणि खोली ‘दहा बाय बारा’ असली की गुणायचं, 120 चौरस फूट. सूप ‘वन बाय टू’ मागवलं की भागायचं.