जुन्या एस्टीमचं इंजिन कमी पैशात कसं बांधायचं (सोलापुरातला अनुभव)

एमएच-१३ पासिंगची मारुती एस्टीम जपून ठेवलेले आमच्यासारखे काही येडे सोलापुरात अजून आहेत. खरी स्पोर्ट्स कार परवडत नाही, मग हीच आमची स्पोर्ट्स कार. हसू नका बे, १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, अंगानं हलकी, एके काळी रॅलीत हीच पळायची. पण आता धूर मारते, ऑइल खाते, आणि कुठल्याही गॅरेजला नेली की पहिलं वाक्य ठरलेलं, "इंजिन काम करावं लागतंय."

थांबा. खोलायच्या आधी कंप्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, बघा. गेज फार महाग नसतं, नाहीतर मित्राचं आणा. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, इंजेक्टरचे कनेक्टर काढा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. चांगल्या इंजिनला साधारण १४ किलो (दर चौरस सेंमीला) येतं, १२ च्या खाली गेलं किंवा दोन सिलेंडरमध्ये १ किलोच्या वर फरक असला तर काम आहे. मग कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत बघा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलेंडरची आतली भिंत) गेलाय, नाही चढला तर बहुतेक व्हॉल्व्ह. आणि सकाळी स्टार्ट करताना फक्त एकदाच निळा धूर येऊन बंद होत असेल तर नुसती व्हॉल्व्ह सील गेलेली असतात, त्यासाठी अख्खं इंजिन उतरवणं म्हणजे पैसे उधळणं.

मी हे आधी केलं नव्हतं. पहिल्यांदा एका मिस्त्रीनं झिजलेल्या बोअरमध्येच नुसत्या नव्या रिंगा टाकून दिल्या, चार महिन्यांत धूर परत, पॅकिंग किट आणि मजुरी दोन्ही पाण्यात. बोअर अंडाकृती झाला असेल तर नवी गोल रिंग तिथं बसणार कशी, एवढा साधा विचार मलाही सुचला नाही.

इंजिन उतरवायचं काम घरी होतं, चेनपुली भाड्यानं आणा, दोन मित्र, एक रविवार. प्रत्येक वायरला चिठ्ठी, प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत, फोटो भरपूर. कनेक्टिंग रॉडच्या आणि क्रँकच्या कॅपांची अदलाबदल अजिबात करायची नाही, काढायच्या आधी पंचनं टिंब मारून नंबर टाका. खर्च वाचतो तो इथं, मजुरीत. आणि ब्लॉक शक्यतो आपलाच ठेवा, भंगारातला आणला तर इंजिन नंबर बदलतो, मग आरटीओचे हेलपाटे.

आता मापं, इथं कंजूसपणा नको. बोअर वर, मधे, खाली, प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजून घ्या. स्टँडर्ड ७४ मिमी आहे, मापांत ०.१० मिमीच्या वर फरक आला की बोअरिंग (बोअर कापून मोठा करणं) करायचंच. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (मापाच्या पातळ पट्ट्या) घाला, ०.०५ मिमीच्या वर शिरलं तर फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं. सोलापुरात चांगल्या लेथवाल्यांना तोटा नाही, आपल्या गावात बनलेल्या कॅमशाफ्ट जगभरच्या गाड्यांत बसतात, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स इथलीच. प्रश्न एवढाच की तुमच्या समोर बोअर गेज लावून आकडा दाखवणारा माणूस शोधा, "हो जाएगा" म्हणणारा नको. रेट पर सिलेंडर की पूर्ण ब्लॉकचा, तेही आधीच विचारून घ्या.

आणि आधी पिस्टन विकत घ्या, मग बोअर करा. उलटं करू नका. ०.२५ मिमी मोठ्या पिस्टनमध्ये साफ होत असेल तर ०.५० कशाला, पुढच्या वेळेला मटेरियल उरतं. पिस्टन लेथवाल्याच्या हातात द्या आणि प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्या मापानं बोअर करायला सांगा. पार्ट शोधताना जिप्सीचंही विचारा, जिप्सी किंगमध्ये याच घराण्याचं इंजिन आहे, फक्त पार्ट नंबर जुळवून घ्या.

नवं काय घ्यायचं: पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड पॅकिंग, सगळी सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप. जुनं काय चालतं: कॅम, रॉड, व्हॉल्व्ह (दांडी झिजली नसेल तर घासून बसवा, मग पोर्टमध्ये रॉकेल ओतून गळतंय का बघा). ऑइल पंप मोजून ठरवा.

बोअरिंगहून ब्लॉक आला की गरम पाणी, साबण, ब्रश लावून घासा, आणि पांढऱ्या कापडावर काळपट यायचं थांबेपर्यंत पुसत राहा, मग लगेच ऑइलचा हात. होनिंगची (बोअर घासून शेवटचा हात देण्याची) पूड राहिली तर नव्या रिंगा काही दिवसांत खलास. कापड जुनं सुती धोतर घ्या, सोलापुरी टॉवेल कितीही भारी असला तरी इथं नको, धागे सुटतात.

जोडताना बेअरिंगचा गॅप प्लास्टिगेजनं (दाबून किती चपटी झाली ते मोजायची प्लास्टिकची बारीक तार) बघा, क्रँकला ०.०२ ते ०.०४ मिमी ठीक. रिंगेवरचा मार्क वर, तोंडं एका रेषेत नकोत. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनंच, आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून. "हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्याला पाना देऊ नका.

अजून एक, आपल्याकडं उन्हाळ्यात ४२-४३ जातं म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून फेकायची लई जुनी सवय आहे. नका फेकू. इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, बोअर लवकर झिजतो. रेडिएटर साफ करा, बोअरवेलचं पाणी सोडून कूलंट भरा.

पहिला स्टार्ट: स्पार्क आणि इंजेक्टर दोन्ही बंद ठेवून दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, ऑइलचा लाल दिवा गेला की मगच चालू करा. तासभर एकाच जागी उभी ठेवून घुमवत बसायचं नाही, रिंगा लोडखाली बसतात. मी सरळ तुळजापूरला गेलो, साधारण ४५ किलोमीटर, स्पीड कमी-जास्त करत, घाटात मध्यम ॲक्सिलरेटरवर चढवत आणि उतरताना गिअरमध्ये सोडून. ५०० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदललं, जुन्या ऑइलमध्ये चुंबक फिरवला तर बारीक चमक होती, ती चालते, पापुद्रे दिसले असते तर परत सगळं खोलायला बसलो असतो. हजारला परत गेज लावलं, चारही सिलेंडर १३ च्या वर.