खराबा नावाच्या जमिनीवर पाच महिने

बी.आर्क.च्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीच्या, शेवटच्या सेमिस्टरला थिसिससाठी मी विश्वामित्रीच्या काठचं एक कोतर निवडलं, तेव्हा आजीने विचारलं, "म्हणजे तू तिथे बांधणार काय?" आजीचं सगळं आयुष्य बडोद्याच्या दांडिया बाजारात गेलं. तिच्या लेखी आर्किटेक्ट म्हणजे घरं बांधणारा माणूस. पाच महिन्यांनी ज्युरीला, म्हणजे थिसिसच्या शेवटच्या परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला नेमका हाच प्रश्न विचारला, फक्त जरा कडक आवाजात. शहरातलं रान हा विषय घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर या प्रश्नाचं उत्तर पहिल्या आठवड्यातच शोधायला लागा. मी उशिरा लागले आणि त्यापायी दोन महिन्यांचं काम फुकट गेलं.

आधी कोतर म्हणजे काय ते सांगते. विश्वामित्री पावागडाकडून येते, बडोद्यातून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळते. इथली जमीन गाळाची, मऊ. पावसाचं पाणी नदीकडे उतरताना ती कापत जातं. त्यातून ज्या खोल घळी तयार होतात त्यांना इकडे कोतर म्हणतात. आमच्या मराठी घरांतही हाच शब्द आहे. वरून पाहिलं तर नुसतं झुडपांचं गचपण दिसतं. आत मात्र करंज, उंबर, शमी, वेडी बाभूळ, मुंगूस, घोणस आणि नदीच्या तोंडाशी मगरी. मगर हा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातला प्राणी आहे आणि भरवस्तीतून वाहणाऱ्या या नदीत त्या शेकड्यांनी आहेत.

हा विषय मला पुस्तकातून सुचला नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात काळा घोडा पुलापाशी नदी ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी २६ फूट आहे. समा भागात राहणाऱ्या मावशीच्या सोसायटीत तळमजला बुडाला. तीन दिवस ती माणसं गच्चीवर होती. पाणी ओसरल्यावर तिच्याकडे चिखल काढायला गेलो, तेव्हा शेजारचे एक काका सहज बोलून गेले की आमच्या मागे पूर्वी कोतर होतं, मग भराव टाकला. घरी येऊन मी गुगल अर्थवर त्या भागाची जुनी चित्रं उघडली. एकेक वर्ष मागे जावं तशी हिरवी रेघ रुंद होत गेली. तो विषय मग डोक्यातून गेलाच नाही.

साइट मात्र मी तिथली घेतली नाही. भरलेल्या कोतरावर अभ्यास करता येतो, पण आखायला काही उरत नाही. शहराच्या दक्षिणेला, वडसरच्या बाजूला, चारशे मीटर लांबीचं एक जिवंत कोतर मिळालं. साइट लहान घ्या, असं मी आता प्रत्येकाला सांगते. माझ्या वर्गातल्या एकाने अख्खी नदी घेतली होती आणि तो मे महिन्यात अजून नकाशेच रंगवत होता.

पहिली मोठी चूक: मी कॉम्प्युटरवर विसंबले. इंटरनेटवर फुकट मिळणारा उंचसखलपणाचा डेटा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, कॉन्टूर म्हणजे समान उंचीच्या रेषा काढल्या, तर माझ्या साइटवर कोतरच नाही! सपाट जमीन. त्या डेटातला एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो आणि माझं कोतर वरच्या बाजूला जेमतेम ३५ मीटर रुंद. चौकोनाला एकच उंची मिळते, त्यात घळ बुजून जाते. मग कॉलेजच्या सर्व्हे लॅबमधून लेव्हल आणि स्टाफ, म्हणजे उंची मोजायची दुर्बीण आणि पट्टी, उसनी घेतली, दोन ज्युनियर मुलांना वडापावच्या बोलीवर सोबत घेतलं आणि दर २५ मीटरला एक असे सतरा सेक्शन, म्हणजे कोतराचे आडवे छेद, काढले. सहा सकाळी लागल्या. माझ्या थिसिसमध्ये पुढे जे काही बरं झालं ते या सतरा सेक्शनांतून झालं.

कारण सेक्शन हातात आला की हिशेब करता येतो. प्रत्येक सेक्शनवर काठाच्या पातळीपर्यंतचं क्षेत्रफळ मोजलं, सरासरी काढली. ती साधारण ९० चौरस मीटर आली. गुणिले ४०० मीटर, म्हणजे ३६,००० घनमीटर. म्हणजे ३ कोटी ६० लाख लिटर. दहा हजार लिटरचे ३,६०० टँकर. एवढं पाणी हे एकटं कोतर पोटात घेऊ शकतं, आणि ते डेब्रिज टाकून भरलं तर तेवढंच पाणी दुसरीकडे, कोणाच्या तरी हॉलमध्ये, जाणार. हिशेब बाळबोध आहे, हे मला माहीत होतं. पुराच्या वेळी नदीचं पाणी उलटं कोतरात चढतं, माती आधीच भिजलेली असते, सगळी जागा एकदम मिळत नाही. हे मी शीटवर लिहूनच ठेवलं. पण हा आकडा दाखवल्यावर ज्युरीत प्रथमच शांतता पसरली.

डिझाइनमध्ये मात्र मी सुरुवातीला वाहवत गेले. दगडी पायऱ्या, बसायला ओटे, काठाने फरसबंदी रस्ता, एक छोटं कॅफे. रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली चित्रं, सुंदर झाले होते. आमच्या गाइड मॅडमनी शांतपणे एकच विचारलं, "मगर कुठून चढणार?" मी गप्प. मगरीची मादी काठाच्या उतारावर मातीत खड्डा करून अंडी घालते, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, आणि पिल्लं पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात. काठात त्या बिळंही करतात. मी तो सगळा उतार दगडाने बांधून काढला होता. नदीकाठ "सुधारायचा" म्हटलं की आपला हात आपोआप पायऱ्यांकडे जातो. बडोद्याच्या कमाटी बागेत फिरत आपण वाढलो, म्हणून शहरातली हिरवी जागा म्हटली की आपल्याला हिरवळ, वाफे आणि बाकंच आठवतात. कमाटी बाग मला जीव की प्राण आहे, पण कोतर ही बाग नव्हे.

हा फरक शब्दांत पकडायला मला इंगो कोवारिक या बर्लिनच्या परिस्थितीकीतज्ज्ञांची मांडणी उपयोगी पडली. ते निसर्गाचे चार प्रकार करतात: मुळचं रान, शेतीचा निसर्ग, मुद्दाम लावलेल्या बागा, आणि शहराच्या टाकलेल्या जागांवर आपोआप उगवलेलं रान. बर्लिनमध्येच रेल्वेचं एक यार्ड १९५२ मध्ये बंद पडलं, तिथे जंगल उगवलं आणि २००० मध्ये ते तसंच ठेवून लोकांसाठी खुलं केलं. तिथल्या नाजूक भागावरून लोखंडी पूल नेलाय, माणसं वरून चालतात. मी तो पूल उचलून माझ्या कोतरात ठेवणार होते, पण पुरात त्याच्या खांबांना फांद्या नि प्लास्टिक अडकून कोतर तुंबलं असतं. तिथलं उदाहरण जरूर अभ्यासा, पण त्यामागचा विचार घ्या, लोखंड घेऊ नका. शिवाय आपलं कोतर त्या चार प्रकारांपैकी एका खान्यात बसत नाही. शमी मुळची, वेडी बाभूळ अमेरिकेतून आलेली, आणि मधूनमधून कोणाचं तरी जुनं शेत.

साइटवर सर्वात जास्त मला शिकवलं ते शेळ्या चारायला येणाऱ्या एका भरवाड काकांनी. उन्हाळ्यात कुठल्या डबक्यात पाणी टिकतं, मगर कुठे ऊन खाते, कुठल्या उतारावर शेळी न्यायची नाही, हे सगळं त्यांना पाठ. "बेन, नीचे ना जता," असं ते रोज बजावायचे, आणि मी खाली गेले नाही. तुम्हीही जाऊ नका. एकट्याने तर नाहीच. पायात उंच बूट हवेत, आणि विणीच्या दिवसांत काठापासून लांबच राहायचं. खालच्या पातळीची मापं वरून घेता येतात, वेळ जास्त लागतो इतकंच.

आता नियोजनाचा भाग, जो मुलं शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलतात. माझ्या साइटचे सात-बारा काढले, तर कोतराच्या पट्ट्यापुढे नोंद होती: खराबा. पिकत नाही, म्हणून खराब. नगररचनेच्या नकाशावर तर त्या जागेला वेगळा रंगच नव्हता. घराला रंग आहे, बागेला आहे, रस्त्याला आहे. रानाला नाही, म्हणून ते रिकामं दिसतं, आणि रिकामं दिसलं की तिथे काहीतरी येतंच. माझ्या थिसिसचं म्हणणं एवढंच होतं की कोतराला नकाशात स्वतःचं नाव द्या.

ते कसं द्यायचं, यासाठी नवा कायदा सुचवायची गरज नाही. गुजरातेत टी.पी. (टाउन प्लॅनिंग) स्कीम आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते नि सोयींसाठी प्रत्येकाकडून हिस्सा घ्यायचा आणि उरलेल्याचे नीट आकाराचे फायनल प्लॉट परत द्यायचे. १९७६ च्या कायद्यात रस्त्यांसाठी १५ टक्क्यांपर्यंत आणि बागा, मैदानं, मोकळ्या जागांसाठी ५ टक्क्यांपर्यंत जमीन धरलेली आहे. बहुतेक वेळा हे ५ टक्के इथे एक चौकोन, तिथे एक चौकोन असे विखुरतात. मी ते सगळे कोतराच्या कडेने एका सलग पट्ट्यात आणले. कोतरात ज्यांची जमीन होती त्यांना वरच्या सपाटीवर प्लॉट दिले. त्यांचं नुकसान नाही, उलट बांधता येईल अशी जमीन हाती येते. हा नकाशा मी चार वेळा केला. अशा स्कीमवर काम केलेल्या एका सीनियरने रात्री अकरा वाजता फोनवर बसून माझ्या चुका काढल्या, तेव्हा कुठे तो उभा राहिला. आजूबाजूला असं कोणी असेल तर लाजू नका, विचारा.

पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ मध्ये बडोद्याच्या वाढीवर अहवाल लिहिला होता. आधी पाहणी, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. शंभर वर्षांपूर्वी याच गल्ल्यांतून कोणी असं फिरलं होतं, याचा मला फार आधार वाटला.

आणि बांधकाम? मी शेवटी कोतराच्या वर, पुराच्या रेषेबाहेर, साडेतीनशे चौरस मीटरचं एक केंद्र काढलं. मगरी सोडवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी खोली, पिंजरे नि दोर ठेवायची जागा, पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी आणि शाळेच्या मुलांसाठी एक ओसरी. परीक्षकांना ते लहान वाटलं, गुणही त्याचे थोडे गेले. पण बिल्टअप, म्हणजे बांधकामाचं क्षेत्रफळ, किती हवं हे मी जानेवारीतच गाइडकडून लेखी ठरवून घेतलं असतं, तर तो वाद झालाच नसता. तुम्ही ठरवून घ्या.

पुढे या विषयाचं काय होतं, असं बरेच जण विचारतात. लँडस्केप आर्किटेक्चर आणि प्लॅनिंग, दोन्हीत मास्टर्स करता येतं. मी सध्या एका छोट्या प्लॅनिंग ऑफिसात आहे. मुलाखतीत त्यांनी रेंडर उघडलेच नाहीत. सेक्शनचं शीट आणि प्लॉटचा नकाशा, या दोनच गोष्टींवर अर्धा तास बोलणं झालं. क्यूजीआयएस चौथ्या वर्षातच शिकून घ्या. आणि थिसिस जानेवारीत सुरू होतो, तोवर जमीन कोरडी ठाक असते, म्हणून साइट आदल्या पावसाळ्यात एकदा तरी पाहून या.

मी ते केलं नव्हतं. निकाल लागल्यावर जुलैत, सलग दोन दिवस पाऊस झाल्यावर, आजीला रिक्षात घालून तिकडे गेले. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने बराच वेळ खाली पाहिलं. माझ्या सेक्शनवर जिथे निळी रेघ ओढली होती, पाणी तिच्या दीडेक फूट खाली होतं, लालसर, संथ. भरवाड काका पलीकडच्या काठावर होते, शेळ्या वरच्या बाजूला. मी फोटो काढला आणि तारीख लिहून अकराव्या सेक्शनच्या फाइलमध्ये ठेवला.