कॅमेलियाची एकच कळी कशी मांडावी

कॅमेलियाचा गुच्छ करू नका. एक कळी पुरते. जपानी चहाविधीत नोव्हेंबरात जमिनीतली चूल उघडली की या फुलाचे दिवस येतात, ते थेट वसंतापर्यंत. तिथे त्याला 'त्सुबाकी' म्हणतात.

मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा पुरतं उमललेलं फूल निवडलं. चहाचं पाणी उकळायच्या आत ते टप्‌कन अख्खंच खाली पडलं. याच्या पाकळ्या बुडाशी एकमेकींना आणि पुंकेसरांना जोडलेल्या असतात, म्हणून त्या एकेक करून झडत नाहीत. हे गळणं पाहून मुंडकं उडाल्याची आठवण होते, त्यामुळे जपानात आजाऱ्याच्या भेटीला कॅमेलिया नेत नाहीत. मांडायला मात्र कळीच घ्या: टोकाला रंग दिसतोय, एखादी पाकळी नुकती सैल झालीय, अशी.

देठ पाण्यात बुडवून तिरका कापा. पानं तीनच ठेवा. कळीला झाकणारं पान आधी काढा, उरलेली ओल्या फडक्यानं पुसा. कॅमेलियाचं पान गडद आणि तुकतुकीत असतं. धूळ गेली की निम्मी मांडणी तिथेच होते. फुलदाणी बांबूची किंवा साध्या मातीची घ्या आणि ती बाहेरूनही भिजवा. शेवटी पानांवर पाणी शिंपडा, दव पडल्यासारखं. जपानी चहाविधीचे थोर गुरू सेन नो रिक्यू यांची शिकवण होती की फुलं रानात असतात तशी ठेवावीत. म्हणून देठ जिकडे झुकतो तिकडे झुकू द्या, ओढून सरळ करू नका.

आणि वाटीतला चहा? तोही कॅमेलियाच, 'कॅमेलिया सिनेन्सिस'. फूल आणि चहा, दोघं चुलत भावंडं समोरासमोर! मला या विधीतलं हेच सर्वांत आवडतं. कॅमेलिया हे नाव मात्र वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं दिलं, मनिलात काम केलेल्या गेओर्ग कामेल या जेझुइट (ख्रिस्ती धर्मसंघातल्या) वनस्पतीतज्ज्ञावरून.

तुमच्याकडे भरगच्च पाकळ्यांची जात असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. चीनमधून 1792 मध्ये इंग्लंडला पोचलेली 'आल्बा प्लेना' तशीच: पांढरीशुभ्र, पाकळ्यांवर पाकळ्या, पुंकेसर दिसतच नाहीत. युरोप अशाच फुलांच्या मागे लागला, त्यांच्यासाठी काचघरं उभी राहिली. 1848 मध्ये धाकट्या द्युमा या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीतली नायिका महिन्याचे 25 दिवस पांढरी आणि 5 दिवस लाल कॅमेलिया मिरवू लागली. अशा फुलाला कळीचा नियम लावू नका, ते पुरतं उमलू द्या. मग देठ अगदी आखूड कापून उथळ भांड्यातल्या पाण्यावर तरंगत ठेवा.

उचलताना खालून, देठाला धरा. पांढऱ्या पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग उमटतो, आणि तो जात नाही.