जोडीने पाककलेच्या वर्गात एक दिवस: बेत ठरवण्यापासून घरी परतेपर्यंत

पाककला शिकवणाऱ्या शाळेत जोडीने एक दिवस घालवायचा बेत बहुधा भेट म्हणून ठरतो, आणि भेट असल्यामुळेच त्याची पूर्वतयारी कोणी करत नाही. असा दिवस कसा जातो, हे शिक्षकांच्या कौशल्याइतकेच आणखी एका गोष्टीवर अवलंबून असते. एकाच ओट्यापाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी सुरी कोणाच्या हातात आहे, ही ती गोष्ट. घरी जो रोज स्वयंपाक करतो तोच तिथेही सगळे उरकतो, आणि दुसरा दिवसभर वाट्या पुढे-मागे सरकवत राहतो. ते टाळायचे असेल तर सुरुवात नाव नोंदवण्यापासूनच करावी लागते.

नोंदणीपूर्वी वर्ग केवळ प्रात्यक्षिकाचा आहे की स्वतः करून पाहण्याचा, हे स्पष्ट विचारावे. दोघांना मिळून एक शेगडी मिळणार की प्रत्येकाला स्वतंत्र, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, आणि केलेले पदार्थ तिथेच जेवायचे की घरी नेता येतात, हेही विचारून घ्यावे. पदार्थांची यादी जितकी लांब तितका वर्ग चांगला, असा समज असतो; माझे मत नेमके उलटे आहे. एका दिवसात सहा पदार्थ करायचे म्हटले की साहित्य आधीच मोजून, चिरून ठेवलेले असते आणि आपल्या वाट्याला फक्त ढवळणे येते. त्यापेक्षा सुरी चालवणे, कणीक तिंबणे किंवा सॉस बनवणे, असे एखादेच कौशल्य नीट शिकवणारा वर्ग निवडावा. दोघांपैकी कोणाला शेंगदाणे, दूध, अंडी, गहू किंवा मासे यांची ॲलर्जी असल्यास ते नोंदणीच्या वेळीच लेखी कळवावे, कारण एकच तेल आणि एकच पळी अनेक भांड्यांत फिरत असते.

कपडे सुती आणि फार सैल नसलेले असावेत; कृत्रिम धाग्याचे कापड आचेने वितळून त्वचेला चिकटू शकते. बोटे झाकणारे, न घसरणारे बूट घालावेत, केस बांधावेत आणि अंगठ्या घरीच ठेवाव्यात.

वर्गात पोहोचल्यावर कृतीचा कागद दोघांनी एकत्र, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि त्यानंतरच कामे वाटून घ्यावीत. ऑग्युस्त एस्कोफिए (1846–1935) या फ्रेंच शेफने मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात सॉस एकाकडे, भाजणे दुसऱ्याकडे, अशी कामाची शिस्तबद्ध विभागणी रुजवली. दोघांच्या ओट्यासाठी त्यातले एवढेच घ्यावे, की एका पदार्थाचा प्रमुख एकच असतो आणि दुसरा त्याचे ऐकतो. पदार्थ बदलला की प्रमुखही बदलावा. पहिला पदार्थ मात्र ज्याला कमी येते त्याच्याकडेच द्यावा, कारण दुपारनंतर दोघेही दमतात आणि दमलेला माणूस सवयीच्या माणसाकडे काम सोपवून मोकळा होतो.

आता सुरी. चिरण्याच्या पाटाखाली ओले फडके पसरावे, म्हणजे पाट सरकत नाही. सुरीची मूठ आवळून न धरता, पात्याचा मुठीलगतचा भाग अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरावा आणि उरलेली तीन बोटे मुठीभोवती घ्यावीत. दुसऱ्या हाताच्या बोटांची टोके आत वळवावीत, म्हणजे पाते पेरांना टेकून चालते आणि नखांपर्यंत पोहोचत नाही. कांदा मुळाकडून न कापता उभा अर्धा करावा; मूळ शाबूत राहिले की पाकळ्या सुटत नाहीत. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यातल्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) क्रियेने डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. धारदार सुरी पेशी कमी चिरडते, त्यामुळे बोथट सुरीपेक्षा कमी रडवते. हे सगळे चालू असताना जोडीदाराला एकच सूचना देण्याची मुभा असावी: बोटे आत. आमच्या पहिल्या वर्गात या मर्यादेचे पालन झाले नाही, आणि अर्धा कांदा चिरून होईपर्यंत आमच्यात अबोला सुरू झाला होता.

शेगडीपाशी गेल्यावर मात्र बोलावे, आणि मोठ्याने बोलावे. पाठीमागून जाताना ‘मागे आहे’, तापलेले भांडे नेताना ‘गरम’ आणि सुरी नेताना ‘सुरी’ असे म्हणण्याची व्यावसायिक स्वयंपाकघरांतली सवय दोघांच्या अरुंद जागेतही उपयोगी पडते. खरपूस रंग हवा असेल तर तुकडे आधी टिपून कोरडे करावेत आणि पॅनमध्ये दाटी करू नये. तुकड्याच्या पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तापमान 100 अंश सेल्सियसच्या आसपासच राहते, आणि लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये वर्णन केलेली तांबूस रंग आणणारी प्रक्रिया साधारण 140 अंशांपुढे वेग घेते. जोडीने काम करताना दाटी हमखास होते, कारण दोघेही आपापल्या वाटीतले तुकडे एकदमच ओततात. कोंबडीचे मांस असल्यास त्याचा पाट वेगळा ठेवावा, त्याला हात लावल्यावर साबणाने निदान 20 सेकंद हात धुवावेत, आणि सर्वांत जाड भागात थर्मामीटर खुपसून 74 अंश झाल्याची खात्री करावी.

चव घेताना दोघांनी स्वतंत्र चमचे वापरावेत आणि मीठ वाढवण्यापूर्वी दोघांचे एकमत व्हावे. शिक्षकांनी छापील कृतीपेक्षा जे वेगळे केले, म्हणजे आच कधी कमी केली, पाणी किती शिंपडले, कोणता वास आल्यावर भांडे उतरवले, ते तिथल्या तिथे कागदाच्या समासात लिहावे. संध्याकाळपर्यंत त्यातले अर्धे आठवत नाही. उरलेले अन्न घरी न्यायचे असल्यास शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये जायला हवे, म्हणून परतीच्या वाटेवर इतर कामे काढू नयेत.

त्याच आठवड्यात त्यातला एक पदार्थ घरी पुन्हा करावा. ज्याला कमी येते त्याने तो एकट्याने करावा, आणि दुसऱ्याने हाक ऐकू येईपर्यंत स्वयंपाकघराबाहेर बसावे.