‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगितलं तर

इंदूरला सांवेर रोडवरच्या एका कारखान्यातून माझ्या आतेभावाला असंच तोंडी काढलं. वर दोन कोऱ्या कागदांवर सही मागितली, ‘हिशोबासाठी’ म्हणून. त्यानं केली नाही, तेच त्याला तारून गेलं. कोऱ्या कागदाचा राजीनामा व्हायला वेळ लागत नाही, आणि मग ‘हा स्वतःच सोडून गेला’ हे खोटं ठरवताना नाकी नऊ येतात.

त्याच दिवशी साधा अर्ज लिहा: ‘मला आज गेटवर अडवलं, मी कामावर यायला तयार आहे.’ तो स्पीड पोस्टानं पाठवा. पावतीची शाई उडते, म्हणून लगेच तिचा फोटो काढा. पगार जमा झाल्याच्या नोंदी, पीएफचं पासबुक, गेटपास, हजेरीचे व्हॉट्सॲप मेसेज एका फाइलीत लावा. नेमणूकपत्र नसलं तरी यातून नोकरी सिद्ध करता येते.

मग श्रम कार्यालयात समेटासाठी तक्रार द्या. मध्य प्रदेशच्या श्रम आयुक्तांचं कार्यालय इंदुरातच आहे. अर्ज हिंदीत लिहिलेला बरा.

नव्या वेतन संहितेप्रमाणे काढल्यावर किंवा राजीनामा दिल्यावर राहिलेला पगार दोन कामकाजी दिवसांत मिळायला हवा. ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे ऐकून घेऊ नका. वाद उद्भवून दोन वर्षं उलटली की समेटाची वाट बंद होते. समेटाच्या कागदावर सही करण्याआधी रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहिलेली आहे ना, तेवढं बघा.