पेटीवर केजन आणि झायडेको कसं वाजवावं

गंगाखेड तालुक्यात भजनाला पेटी धरणारा माणूस मी. ज्याला पेटी येते त्याने अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातलं केजन आणि झायडेको एकदा तरी वाजवून बघावं, असं मला मनापासून वाटतं. त्यांचं मुख्य वाद्य अकॉर्डियन. तेही पेटीसारखं भात्याच्या हवेवरच बोलतं. पण आधी ऐकायचं, आणि ऐकताना वाजवणारा कोण, कुठला, पोटासाठी काय करत होता, हे जाणून घ्यायचं. त्याशिवाय हे संगीत हातात बसत नाही.

केजन म्हणजे १७५५ पासून इंग्रजांनी आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातून हुसकून लावलेल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांचे वंशज. झायडेको उभं केलं तिथल्याच फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांनी. शेतं शेजारी, चाली बऱ्याचशा सामाईक. मान मात्र सारखा नव्हता.

सुरुवात अमेडी आर्डवाँ आणि डेनिस मॅकगी यांच्या १९२९ च्या ध्वनिमुद्रणांपासून करा. जो फाल्कन आणि क्लिओमा ब्रो यांची १९२८ ची तबकडी पहिली केजन तबकडी मानतात. ती नंतर ऐकली तरी चालेल. आर्डवाँ कृष्णवर्णीय, अकॉर्डियनवर. मॅकगी गोरा, फिडलवर, म्हणजे व्हायोलिनवर. दोघंही बटईने शेती करणारे. आर्डवाँचा आवाज इतका चढा का, असं वाटेल. माईक नव्हता, आणि घरात नाच रंगलेला असायचा. त्या गलक्यातून आवाज पोचवायचा होता. गोऱ्यांच्या नाचात घाम पुसायला एका बाईने रुमाल दिला म्हणून त्याला बेदम मारलं, असं तिकडची जुनी माणसं सांगत आली. १९४२ साली तो मनोरुग्णालयात वारला. त्याच्या चाली केजन बँड आजही वाजवतात. हलगी-संबळवाल्यांना जेवायला वेगळं बसवलेलं ज्यांनी आपल्याकडे पाहिलंय, त्यांना यापुढचं सांगायला नको.

आता पेटी उघडा. केजन अकॉर्डियनला एका ओळीत दहा बटणं असतात. भाता दाबला की एक सूर, ओढला की त्याच बटणातून दुसरा. आपल्या पांढरी एकच्या पट्टीतल्या अकॉर्डियनवर दाबताना सा, ग, प मिळतात. रे, म, ध, नी ओढताना. त्यामुळे चाल तुटक, उसळत जाते. पेटीत भात्याने सूर बदलत नाही, म्हणून प्रत्येक सुराला बोट उचला आणि भाता छोट्या झटक्यांनी मारा. कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही बोलवणारी जोडणी) असेल तर लावा, कारण त्यांच्याकडे एकाच बटणातून वरचं-खालचं सप्तक एकदम बोलतं. आणखी एक खुबी आहे, ती माझ्या फार आवडीची. याच अकॉर्डियनवर वादक पुष्कळदा पांढरी पाचला सा धरतात. मग शुद्ध नी त्यात सापडतच नाही, कोमल नीवर भागवावं लागतं. तुम्हीही पांढरी पाचला सा धरा आणि काळी तीनला हात लावू नका. तो रंग लगेच कानात भरेल.

त्यांचे नाच मुख्यतः दोन. टू-स्टेपला ढोलकीवर जलद केरवा, तीन मात्रांच्या वॉल्ट्झला दादरा. ढोलकीवाल्याला तुकडे घेऊ देऊ नका. लोक नाचायला आलेले असतात, ठेका सरळच हवा. तिकडे जुन्या गवत ओढायच्या दाताळ्याच्या सळईचा त्रिकोण करून वाजवत. आपलं टाळाच्या एका जोडीवर भागतं.

झायडेकोसाठी क्लिफ्टन शेनिए ऐका. जन्म १९२५, लुईझियानातल्या ओपेलूससकडचा. वडील अकॉर्डियन वाजवणारे, हा स्वतः तेलशुद्धीकरण कारखान्यात कामाला. त्याने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पियानो अकॉर्डियन घेतला. त्यात सगळे कोमल-तीव्र आले आणि ब्लूजची, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या दर्दभऱ्या गाण्यांची, वाट मोकळी झाली. आपली पेटी याच जातीची, म्हणून झायडेको आपल्याला केजनपेक्षा सोपं जातं: कोमल ग चाटून शुद्ध गवर या. शेनिएचा भाऊ क्लीव्हलंड छातीवर पन्हाळी पत्र्याची बंडी घालून बाटलीच्या ओपनरांनी घासायचा. ती बंडी १९४६ साली क्लिफ्टनच्या कल्पनेतून विली लँड्रीने बनवली. आपण पन्हाळी पत्र्याचा हातभर तुकडा घ्यावा, कडा आत दुमडून ठोकाव्यात (नाहीतर हात कापतो) आणि चमच्यांच्या दांड्यांनी घासावं. गाणं चालू असताना हात हलका ठेवा, गाणं थांबून नुसती चाल वाजू लागली की जोर लावा.

फिडल नाही म्हणून अडून बसू नका. कॅन्रे फॉन्टेनो या शेतकरी वादकाने आपली पहिली फिडल सिगारच्या खोक्याची केली होती, तारा जाळीच्या दाराच्या. पुढे १९६६ साली तो अमेडीच्या नात्यातल्या बोआ सेक आर्डवाँबरोबर न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवून आला.

गावात कार्यक्रम कराल तेव्हा पहिल्या गाण्याआधी अमेडी आर्डवाँचं नाव घ्या. लगोलग आपल्या ढोलकीवाल्याचं, पत्रा वाजवणाऱ्याचंही घ्या. कोणाच्या हाताखाली शिकला, कामधंदा काय, ते सांगा. मात्र माईकवर बोलण्याआधी त्यांना विचारा. घरचं चार लोकांत सांगणं सगळ्यांनाच मानवतं असं नाही.